चौथ्या कलमातला होकार

सदर व्यक्ती स्त्री असून वय वर्षे सत्तावन्न, महिने पाच. हुद्दा: वरिष्ठ लिपिक, अभिलेख विभाग. बांधा मध्यम, आवाज मध्यम, शिल्लक रजा दोनशे अकरा दिवस. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीच्या नखालगत पांढरा डाग, धुतल्याने न जाणारा. उल्लेखनीय कामगिरी: निरंक. शिस्तभंगाची कारवाई: निरंक. कुटुंबात पती एक, नणंद एक, दोन्ही सज्ञान. सदर व्यक्तीच्या बाजूने अथवा विरोधात या कार्यालयात कोणतीही नोंद आढळून येत नाही.

एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही नोंद नसणं ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी एकतर फार हुशार असावं लागतं, नाहीतर नोंदी ठेवण्याचं काम स्वतःकडेच असावं लागतं. या बाईंच्या बाबतीत दुसरं कारण होतं.

त्यांची खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे. खोलीला एक खिडकी. ती जनरेटरकडे उघडत असे, म्हणून कोणी उघडत नसे. एक टेबल, एक झेरॉक्स मशीन आणि सहा खणांचं लोखंडी कपाट. कपाटात रुग्णालयाचे एकशे सत्त्याऐंशी फॉर्म. दाखल होण्याचा, घरी जाण्याचा, भूल घेण्याचा, रक्त देण्याचा, डॉक्टरांचं न ऐकता स्वतःच्या जबाबदारीवर निघून जाण्याचा. माणसाचं जे जे काही होऊ शकतं त्याचा एकेक फॉर्म तिथे होता. सगळे त्यांना फॉर्मबाई म्हणत. तोंडावर म्हणत, त्यामुळे ते टोपणनाव राहिलं नव्हतं, पदनाम झालं होतं.

कपाटाची एक रीत होती आणि ती फॉर्मबाईंनीच घालून दिली होती. प्रत्येक फॉर्मची एक मूळ प्रत, प्लास्टिकच्या पाकिटात. मूळ प्रतीने कपाटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिची एक झेरॉक्स काढायची, तिला फॉर्मबाई ‘मुलगी’ म्हणत. वापरायच्या प्रती मुलीवरून काढायच्या. मुलगी फिकी पडली की मूळ प्रत पाच मिनिटांपुरती मशीनवर येई, नवी मुलगी देई आणि परत पाकिटात जाई. डॉक्टर बदलले, अधीक्षक बदलले, मशीन तीनदा बदललं, मूळ प्रती तशाच राहिल्या. त्या फॉर्मबाईंचा धर्म होत्या म्हटलं तरी चालेल. फक्त या धर्मात प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

मग संगणक विभागातला माणूस एक दिवस खोलीत आला. चाळिशीचा, चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर शोधणारा. काहीही विचारलं की ‘अपडेट चालू आहे’ म्हणायचा, म्हणून त्याला सगळे अपडेटराव म्हणत.

“बाई, तुमचे सगळे फॉर्म स्कॅन करायचे, पीडीएफ करायची. मग एआय बघणार, सही कुठे, तारीख कुठे, टिक कुठे. रकाने आपोआप बसवणार. एकदा साचा तयार झाला की झाला. हजार वेळा वापरा. रुग्ण येणार, टॅबलेटवर बोट फिरवणार, काम खल्लास.”

“आणि मी काय करणार?”

“तुम्ही तपासणार.”

“यंत्राचं काम मी तपासायचं?”

“मग? जबाबदारी कोणाची तरी लागतेच ना.”

फॉर्मबाईंनी मान डोलावली. हे त्यांना पटण्यासारखं होतं. रुग्णालयात दुसरं काही नसलं तरी जबाबदारी घ्यायला एक माणूस लागतोच, हे त्यांना एकतीस वर्षं माहीत होतं.

मूळ प्रती पहिल्यांदाच सगळ्याच्या सगळ्या, एकेक करून, पाकिटातून बाहेर आल्या आणि स्कॅनरच्या काचेवर पालथ्या पडल्या. पडद्यावर फॉर्म उमटे. यंत्र क्षणभर विचारात पडल्यासारखं करी आणि मग रकाने टपाटप बसत. सहीला पिवळा, तारखेला निळा, टिकेच्या चौकटीला हिरवा. प्रत्येक रकान्यावर तो कोणी भरायचा तेही यंत्रच लिही: रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, साक्षीदार. फॉर्मबाईंनी एक वही उघडली आणि त्या यंत्राच्या चुका टिपायला लागल्या. रुग्णालयाच्या नावाखालची नक्षीची रेघ यंत्राला सहीची जागा वाटली. ‘येथे लिहू नये’ असं छापलेल्या चौकोनात त्याने लिहायची सोय केली. आणि मृतदेह ताब्यात घेण्याच्या फॉर्मवर त्याने रुग्णाची सही अनिवार्य केली.

“अपडेटराव, हे बघा. मेलेल्या माणसाने सही केल्याशिवाय त्याला नेता येणार नाही म्हणतोय.”

“नियमाला धरून आहे की,” अपडेटराव म्हणाला. मग त्याने तो रकाना काढला.

हळूहळू फॉर्मबाईंना यंत्र आवडायला लागलं. ते नव्याने लागलेल्या कारकुनासारखं होतं: उत्साही, चटपटीत, आणि शंका विचारायची सवय नसलेलं. असे कारकून त्यांनी बरेच हाताखालून घातले होते. सात आठवड्यांत एकशे सत्त्याऐंशी साचे तयार झाले. शेवटच्या दिवशी अधीक्षकांनी केक आणवला आणि स्वतःच भाषण केलं. त्यात यंत्राचं नाव चारदा आलं.

त्यातला बासष्टावा फॉर्म म्हणजे माहिती-संमती पत्र. रुग्णाची माहिती रुग्णालयाने कोणाला द्यायची, कोणाला नाही, याचा. त्याचं चौथं कलम एका ओळीचं: ‘माझ्या तपासण्यांचे निष्कर्ष माझ्या जवळच्या नातेवाइकास परस्पर कळवावेत.’ पुढे दोन चौकटी. होय. नाही.

आता घरचं.

फॉर्मबाईंचे यजमान बसच्या आगारात वेळ नोंदवायच्या कामावर होते, आता निवृत्त. माणूस मनाने लोण्यासारखा, कोणाचं वाईट चिंतणार नाही. फक्त त्यांच्या पोटात काही राहत नसे, डॉक्टरांच्या मते अन्नसुद्धा जेमतेम. घरात ठरलेली गोष्ट त्यांच्या कानावर गेली की तासाभरात आगार, सलून आणि कोपऱ्यावरचं चहाचं दुकान अशा तिन्ही केंद्रांवरून प्रसारित होई. त्यांची मोठी बहीण त्यांना ‘आकाशवाणी’ म्हणे.

ही बहीण, म्हणजे फॉर्मबाईंच्या वन्सं, दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. लग्न केलं नाही, त्याचं कारणही कोणाला सांगितलं नाही. चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. हातात दोन तारा, कानाला हेडफोन, आणि सगळं गाव त्या दोन तारांमधून आपापली भांडणं करतंय, अशा ठिकाणी त्यांचं तारुण्य गेलं. त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. भाऊ खोदून खोदून विचारी, त्या म्हणत, “लाइन व्यस्त आहे.”

त्यांना छातीत गाठ लागली तेव्हा त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं. फॉर्मबाईंना.

“तुझ्याच रुग्णालयात दाखवते. पण त्याला कळता कामा नये. काय निघायचं ते निघू दे, मी एकदा नीट बसून ठरवीन, मग मीच सांगीन. तोवर नाही.”

“माझ्याकडून नाही जाणार, वन्सं.”

“तुझ्याकडून नाहीच जाणार. म्हणून तर सांगितलं.”

“मी येऊ बरोबर?”

“मी काय लहान आहे?”

त्या एकट्या गेल्या. काउंटरवरच्या मुलीने टॅबलेट पुढे केला. जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि नंबर टाकल्याशिवाय पान पुढे सरकेना, म्हणून भावाचा नंबर टाकला. मुलगी म्हणाली, “मावशी, खाली सही करा.” वन्संनी बोटाने सही केली.

नऊ दिवसांनी, सकाळी साडेदहाला, आकाशवाणी सलूनमध्ये खुर्चीवर बसले होते. एका गालाला फेस, दुसरा झालेला. खिशातला फोन वाजला. रुग्णालयाचा निरोप होता. चष्मा काढून ठेवलेला, म्हणून त्यांनी फोन सलूनवाल्यापुढे धरला. “बघ रे, काय आलंय.” सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवला आणि मोठ्याने वाचलं. बाकावर चार जण बसले होते. सलूनवाल्याला इंग्रजी शब्द अडले, ते त्या चौघांतल्या एकाने सांगितले.

अर्ध्या दाढीनिशी ते तसेच बहिणीकडे धावत सुटले. तीन मजले चढले, बेल वाजवली, दार उघडताच बहिणीच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागले. वन्संना डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. अहवाल त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. काय निघालं ते त्यांना भावाच्या रडण्याच्या आवाजावरून कळलं. दुपारी तळमजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला तर म्हणाला, “धीर धरा हं. आमच्या मेव्हणीलाही हेच होतं.” मेव्हणीचं पुढे काय झालं ते सांगायचं त्याने टाळलं.

त्यानंतर फॉर्मबाईंच्या टेबलावरचा फोन वाजला.

“तुला सांगितलं होतं ना?” वन्सं म्हणाल्या, आणि फोन ठेवला. चौतीस वर्षांत समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्यांनी कोणाची लाइन तोडली नव्हती.

काय झालंय ते फॉर्मबाईंना संध्याकाळी घरी कळलं. यजमान अजून एका गालाने दाढीवाले होते.

“मी काय केलं?” ते म्हणाले. “मला निरोप आला, मी वाचला. म्हणजे, वाचवून घेतला. माझी बहीण आहे ती! मला नको कळायला?”

“तुम्हाला नंतर कळायचं होतं.”

“म्हणजे तुला आधीच माहीत होतं?”

फॉर्मबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि वन्संकडे गेल्या. दार अर्धं उघडलं. वन्सं बाजूला झाल्या नाहीत.

“वन्सं, माझ्या तोंडून एक शब्द गेलेला नाही.”

“मग त्याच्या फोनवर तुमच्या रुग्णालयाचा निरोप काय वाऱ्याने आला? तिथे कागदांवर बसतेस ना तू? तुला वाटलं असेल, म्हातारी एकटी काय करणार, भाऊ बरोबर असावा. चांगल्या मनाने केलं असशील. चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींनीच माझं आयुष्य आंबलं.”

“मी शोधून काढते.”

“काढ,” वन्सं म्हणाल्या, आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्मबाईंनी वर संगणक विभागात जाऊन शोधून काढलं. नोंद समोर होती. माहिती-संमती पत्र, कलम चार: होय. खाली वन्संची सही, तारीख, वेळ, सेकंदासकट.

पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. होकार वन्संनी स्वतः दिला होता. गडबडीत बोट लागलं असेल. आता कागद नेऊन दाखवायचा, की झालं. त्यांनी प्रिंट काढायला सांगितली. अपडेटरावाने कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

“बाई, हे त्यांनी नाही केलं.”

“सही त्यांची आहे.”

“सही त्यांची. टिक आधीची. हे बघा, ‘आधीच भरलेले, रुग्णाने बदल केला नाही.’ साच्यातच होय आहे. सगळ्यांना होयच दिसतंय. काढलं तर जातं, पण काढणार कोण? लोक सरळ सहीवर जातात.”

“सगळ्यांना म्हणजे?”

त्याने आकडा काढला. सहाशे अकरा.

“पण साच्यात टिक येईल कुठून? फॉर्म कोरा होता.”

“यंत्राला दिसली असणार. त्याला फिकट खुणाही दिसतात. उलट त्या गडद करून घेतं ते, वाचता यावं म्हणून.”

फॉर्मबाई खाली आल्या, कपाट उघडलं, बासष्ट नंबरचं पाकीट काढलं. मूळ प्रत खिडकीच्या काचेवर धरली. नावाच्या जागी कागद जाड होता, पत्त्याच्या जागी जाड होता, सहीच्या जागी जाड होता. ‘होय’च्या चौकटीवरचा पांढरा पापुद्रा सुकून तडकला होता आणि त्याचा एक कपचा उडाला होता. खाली निळी शेपटी दिसत होती. बॉलपेनची.

मग त्यांना आठवलं. सोळा वर्षांपूर्वी छपाईवाल्याने एकाएकी दुकान बंद केलं, आणि नेमक्या या फॉर्मची एकही कोरी प्रत शिल्लक नव्हती. बाहेर दोन रुग्ण ताटकळले होते. फॉर्मबाईंनी जुन्या फायलीतून कोणाचा तरी भरलेला फॉर्म काढला, नाव, पत्ता, तारीख, टिक, सही, सगळ्यावर व्हाइटनर फिरवला, फुंकर घातली आणि झेरॉक्स काढली. फॉर्म कोरा झाला. तेव्हाच्या अधीक्षकांनी पाठ थोपटली. मग ती युक्ती अंगवळणी पडली. कपाटात अशा एकोणीस मूळ प्रती होत्या. बाकीच्या अठरांमध्ये टिकेच्या चौकटी नव्हत्या, एवढंच नशीब. नखालगतचा डागही तेव्हापासूनचा.

कागदाच्या काळात त्या खुणेने कोणाचं वाकडं केलं नाही. लोकांना ती मळ वाटली. ज्याला होय म्हणायचं तो होय म्हणाला, ज्याला नाही म्हणायचं तो नाही. आणि साचा तपासताना फॉर्मबाईंनी रकाने कुठे बसलेत ते पाहिलं, रकान्यात काय आहे ते पाहिलं नाही. जो फॉर्म आपण आपल्या हाताने कोरा केला, त्यात काही लिहिलेलं असेल असं माणसाला वाटत नाही. यंत्राला ही श्रद्धा नव्हती.

अधीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते डोळे मिटून ऐकत. ही त्यांची पद्धत होती, आणि त्यामुळे ते केव्हा ऐकायचे थांबले ते कळत नसे.

“साचा दुरुस्त करा. आवृत्ती दोन म्हणा.”

“आणि आधीचे सहाशे अकरा?”

“त्यांच्या सह्या आहेत ना?”

“सह्या आहेत, साहेब. होकार नाही.”

“फॉर्मबाई, सही म्हणजेच होकार. त्यासाठीच तर सही घेतात. तुम्हाला किती महिने राहिले?”

“सात.”

“मग?” त्यांनी डोळे उघडले. “सुखाने जा ना बाई. कशाला उकरून काढता? ती मूळ प्रत फाडून टाका.”

फॉर्मबाईंनी मूळ प्रत पर्समध्ये घातली. सोळा वर्षांत पहिल्यांदाच ती रुग्णालयाबाहेर पडली.

शनिवारी त्या वन्संकडे गेल्या. वाटेत त्यांनी मनाशी दोन वाक्यं तयार केली होती. एक होतं, ‘यंत्राने चूक केली.’ ते खोटं नव्हतं. ते म्हटलं असतं तर वन्संनी कदाचित मानलंही असतं; सत्तरीकडे झुकलेली माणसं यंत्राबद्दल काहीही मानायला तयार असतात. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्यांनी ते वाक्य टाकून दिलं.

“वन्सं, सांगितलं मी नाही. पण चूक माझीच आहे.”

“हे कोडं घालायला तीन मजले चढलीस?”

या वेळी त्यांनी आत घेतलं. फॉर्मबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, छपाईवाल्यापासून. वन्संनी चष्मा लावला. नखाने चौकटीवरचा पापुद्रा खरवडला. उरलेली टिक बाहेर आली, चांगली ठसठशीत, दाबून केलेली.

“हा कोणाचा?”

“माहीत नाही. नाव मीच पुसलं.”

“बाई की बुवा?”

“आठवत नाही.”

“म्हणजे सोळा वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं, हो, माझ्या घरच्यांना सांगा. आणि तो होकार माझ्या नावावर लागला.”

“हो.”

“त्याच्या घरचे बरे असतील,” वन्सं म्हणाल्या.

शेजारच्या घरात मिक्सर लागला आणि थांबला.

“मी लेखी देणार आहे, वन्सं. माझ्या हातून झालं म्हणून. सगळ्यांना पत्रं जायला हवीत.”

“दे. मला लेखी काय करायचंय?” त्यांचा आवाज चढला नाही. ऑपरेटरचा आवाज, तो चढत नसे. “चौतीस वर्षं बसले त्या खुर्चीवर. कोण गेलं, कोणाचं मोडलं, घरच्यांच्या आधी मला कळायचं. ओठ हलला नाही कधी. का? ज्याची बातमी, त्याला आधी. एवढंच साधं होतं ते. आणि माझी बातमी सलूनवाल्याला आधी. मला एक दिवस मिळाला असता ग. दार लावून, एकटीला, रडायला. मग मी तोंड धुऊन त्याला बोलावलं असतं, चहा टाकला असता, सांगितलं असतं. त्याऐवजी मी त्याचे डोळे पुसत बसले. तो माझा दिवस होता. तो तू लेखी कसा देणार?”

फॉर्मबाईंजवळ याचा फॉर्म नव्हता.

“जाताना दार ओढून घे,” वन्सं म्हणाल्या.

सोमवारी फॉर्मबाईंनी टिप्पणी सादर केली. एकतीस वर्षांतली ही त्यांची पहिली स्वतःहून लिहिलेली टिप्पणी. ‘सदर कलमातील होकार हा रुग्णांनी दिलेला नसून माझ्या हातून अर्धवट पुसला गेलेला आहे. सबब, सहाशे अकरा रुग्णांना फेरविचारणा व्हावी, ही विनंती.’ टिप्पणी वर गेली. वर गेलेल्या टिप्पणीला खाली यायची घाई नसते.

तेव्हा त्या जेवणाच्या सुट्टीत यादी घेऊन बसल्या आणि स्वतःच फोन लावायला लागल्या.

“नमस्कार, रुग्णालयातून बोलतेय. तुम्ही टॅबलेटवर सही केली होती, त्यात चौथं कलम होतं...”

“बिल भरलंय आम्ही.”

“बिलाचं नाही. तुमचे निष्कर्ष घरी कळवायचे की नाही, ते तुम्हाला विचारायचं राहिलं.”

“कळवले की तुम्ही! आमच्या हिला तर माझ्याआधी माहीत. नेहमीचंच आहे ते.”

बहुतेकांना आपण कशावर सही केली ते आठवत नव्हतं. एका आजोबांनी सगळं कलम दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “समजलं काही नाही, पण उद्या पुन्हा फोन करा.” एका बाईने मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणून सासऱ्यांना कळलं होय. मी इतके दिवस माझ्या बहिणीला दोष देत होते.” आणि फोन बंद झाला. फॉर्मबाईंनी त्या नंबरावर पुन्हा लावला. तो कोणी उचलला नाही.

चौऱ्याहत्तर फोन झाले. पंच्याहत्तराव्याच्या आधी मेमो आला. ‘रुग्णांच्या संमतीबाबत रुग्णांशी परस्पर संपर्क साधून आपण माहितीच्या गोपनीयतेचा भंग केला आहे. खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ फॉर्मबाईंनी मेमो दोनदा वाचला आणि त्यावर मिळाल्याची सही केली. ती कागदावर घेतली गेली, कारण मेमोचा साचा अजून झाला नव्हता.

“बाई, कशाला अंगावर घेतलंत?” अपडेटराव म्हणाला. “यंत्रावर ढकलायचं होतं. त्याला कोण मेमो देतंय?”

“त्याने काय केलं? जे होतं ते वाचलं.”

टिप्पणीही यथावकाश खाली आली. शेरा होता: ‘साचा आवृत्ती दोन कार्यान्वित. पूर्वीची संमतीपत्रे स्वाक्षरीयुक्त असल्याने ग्राह्य. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ खाली अधीक्षकांची सही होती, बोटाने केलेली, गोगलगाय सरपटल्यासारखी.

घरात आकाशवाणी केंद्र तेवढे दिवस बंद होतं. यजमान सलूनमध्ये जाईनासे झाले होते, दाढी घरीच करत आणि कापून घेत. बहिणीला रोज एकदा फोन लावत. ती उचले, म्हणे, “बरी आहे,” आणि ठेवे.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, फॉर्मबाईंच्या टेबलावरचा फोन वाजला.

“उद्या अकराला मला दाखल व्हायचंय. तुमच्याकडे नाही, दुसरीकडे. पिशवी धरायला कोणीतरी लागतं म्हणे. तू ये.”

“येते, वन्सं. यांना...”

“त्याला मी परवा सांगीन. मी.”

दोघी टॅक्सीने गेल्या. वाटेत वन्संनी खिडकीची काच वर घ्यायला सांगितली, तेवढंच बोलणं झालं. तिथल्या खिडकीमागच्या बाईने फॉर्म पुढे केला. कागदी होता, छापील, चांगला कोरा. फॉर्मबाईंचा हात सवयीने तो उजेडात धरायला पुढे झाला. वन्संनी तो आधीच ओढून घेतला होता. त्यांनी उभ्या उभ्या, काउंटरवर कोपर टेकून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागे रांग वाढली. एक जण खाकरला. वन्संनी पान उलटून मागची बाजूही वाचली, आणि मग लिहायला घेतलं.

खिडकीमागच्या बाईने फॉर्म तपासला.

“आजी, जवळच्या नातेवाइकाचा रकाना राहिला.”

“राहिलेला नाही. रेघ मारलीय.”

“मग या बरोबर आल्यात त्या कोण?”

वन्संनी मागे वळून पाहिलं. फॉर्मबाई पिशवी धरून उभ्या होत्या.

“ओळखीच्या आहेत,” वन्सं म्हणाल्या.

बाईने ‘सोबत आलेल्या व्यक्तीचे रुग्णाशी नाते’ या रकान्यात ‘परिचित’ असं लिहिलं, ‘माहिती देण्यास परवानगी’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, तारीख घातली आणि शिक्का मारला.

शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी झाली. तीन तास चालली. फॉर्मबाई बाहेर बाकावर बसून होत्या. कशी झाली, ते त्यांना कोणी सांगितलं नाही.